मुद्दाम मोडलेली मोटार

बॅटमॅनच्या रोलर कोस्टरमधलं मला सगळ्यात लख्ख काही आठवत असेल, तर ती पोलिसांची एक मोटार. ती जागची हलत नव्हती. कुठेतरी आदळून चेपल्यासारखी रांगेच्या कडेला उभी होती आणि आम्ही तिच्या शेजारून इंचाइंचाने पुढे सरकत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, ऊन मरणाचं होतं, आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर घामाने काढलेल्या नकाशाखेरीज बघायला काही नव्हतं. म्हणून मी ती मोटार बघितली. पत्रा कुठे मुडपलाय, रंग कुठे खरवडलाय हे बघता बघता लक्षात आलं की हा अपघात कुणीतरी बसून, विचार करून घडवलाय. कुठला पोचा कुठे हवा हे आधी ठरलंय. त्यानंतर मी गाडीत बसलो, उलटासुलटा झालो, भरपूर ओरडलो. त्यातलं आज अंगात काही उरलेलं नाही. मोटार उरली आहे.

ही गोष्ट अमेरिकेत इलिनॉयमधल्या गर्नी गावच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका या करमणूक उद्यानातली. तिथे मे १९९२ मध्ये 'बॅटमॅन: द राइड' सुरू झाली. बोलिजर अँड माबियार या स्विस कंपनीने बांधलेली ही पहिली 'इन्व्हर्टेड' कोस्टर. रूळ डोक्यावर, आसनं खाली लटकलेली, पाय मोकळे, एका ओळीत चौघं. गाडी सुटायच्या आधी पायाखालची फरशी खाली जाते तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो पुढच्या पाच कोलांट्यांपेक्षा मोठा असतो, असं माझं मत. सुमारे २,७०० फूट रूळ, ताशी ५० मैल वेग आणि दोन मिनिटांत सगळा खेळ आटोपलेला. गर्दीच्या दिवशी त्यासाठी तासभर रांग.

म्हणजे ज्याला आपण कोस्टरचा अनुभव म्हणतो, त्यातला बहुतेक भाग ताटकळण्याचा आहे. आराखडा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. रांग सुरू व्हायची ती बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या नीटनेटक्या बागेतून. हळूहळू त्या शहराची रया जायची. कुंपणं, पडीक जागा, मग ती मोटार, मग सांडपाण्याच्या बोगद्यासारखा काळोखा नळ आणि शेवटी बॅटमॅनची गुहा, म्हणजे गाडीचं स्थानक. एक चांगलं शहर कसं बिघडत गेलं हे कुणी सांगत नव्हतं, तुम्ही ते चालत चालत वाचत होता. काही उद्यानांत कोस्टरच्या जवळ बॅटमोबिलची, म्हणजे बॅटमॅनच्या मोटारीची, पूर्ण आकाराची प्रतिकृतीही ठेवलेली असे. लोक तिच्यासमोर फोटो काढत आणि फायबरग्लासवर टिचकी मारून बघत.

कोस्टर म्हातारे होतात, बंद पडतात, विकले जातात. २ नोव्हेंबर २०२५ ला मेरीलँडमधलं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका कायमचं बंद झालं. तिथे सुपरमॅनची कोस्टर होती, जोकरची होती, बॅटविंग होती. अशा वेळी रुळांना, डब्यांना, यंत्रांना मोल असतं. दुसरं उद्यान ती घेतं, नाहीतर भंगारवाला घेतो. सजावटीला मात्र कुणी वाली नसतो, कारण ती नकली. माझं म्हणणं असं की नेमकी ती नकलीच जपायला हवी, आणि या पात्रांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावर ती जपण्याची जबाबदारी टाकायला हवी.

करमणुकीचं यंत्र हा वारसा असू शकतो का, हा वाद आता जुना झाला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची सायक्लोन १९२७ ची. शहराने १९८८ मध्ये तिला संरक्षित स्मारक ठरवलं. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाची लीप-द-डिप्स १९०२ ची. तिला १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. इंग्लंडमधल्या मार्गेटची सीनिक रेल्वे १९२० ची. तिची नोंद २००२ मध्ये वारसायादीत झाली, २००८ मध्ये तिला आग लागली, आणि तरीही २०१५ मध्ये ती पुन्हा धावली. यादीत नाव नसतं, तर आगीनंतर तिथे काय उभं राहिलं असतं याची कल्पना कुणालाही करता येईल. या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे लाकूड. वारशाच्या कायद्याला लाकूड कळतं, वय कळतं, सांगाडा कळतो. रांगेतली चेपलेली मोटार कळत नाही, कारण ती वास्तू नाही, कलाकृती म्हणून तिच्यावर कुणाची सही नाही आणि पुरावस्तू म्हणावं तर ती कालपरवाची.

सांगाड्यालाच कोस्टर मानायचं, तर एक जोडी बघा. जपानमधल्या गोतेंबाजवळच्या थ्रिल व्हॅली या उद्यानात गॅम्बिट नावाची कोस्टर होती, गर्नीच्याच आराखड्याची. ती उचलून २००३ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या सिक्स फ्लॅग्जमध्ये आणली आणि ती बॅटमॅन झाली. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने ते उद्यान पाण्याखाली गेलं ते पुन्हा कधी उघडलंच नाही. वादळासाठी बंद, अशी दारावरची पाटी मात्र पुढे वर्षानुवर्षं तशीच होती. कोस्टर तिथून निघाली आणि २००८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला 'गोलायथ' म्हणून उभी राहिली. पोलाद तेच, वळणं तीच, नावं तीन. आता उलट बाजू. ऑर्लँडोची 'इन्क्रेडिबल हल्क' १९९९ ची. २०१५ मध्ये ती बंद झाली, जुने रूळ काढून नवे घातले, नवी गाडी आली, आणि २०१६ मध्ये ती त्याच नावाने सुरू झाली. तिथे गेलेला माणूस आजही बेधडक सांगतो की मी लहानपणी याच हल्कमध्ये बसलो होतो. त्याचं काही चुकत नाही. न्यू ऑर्लीन्सचा माणूस मात्र सॅन अँटोनियोत जाऊन 'हाच माझा बॅटमॅन' असं म्हणत नाही, जरी तो बसतो त्याच पोलादावर.

लोकांच्या लेखी कोस्टर म्हणजे गोष्ट, आणि गोष्ट राहते सजावटीत. 'बॅटमॅन: द राइड' तर मुळातच एका साच्यातून अनेक ठिकाणी उठवलेली आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, टेक्सास सगळीकडे तोच आराखडा. सेंट लुइसला आरशातला, डावं ते उजवं. माँट्रियालला हीच वळणं २००२ पासून 'ल व्हँपीर' म्हणून धावताहेत. वटवाघूळ गेलं आणि रक्तपिपासू आला, तेवढाच फरक. (ओहायोतल्या किंग्ज आयलंड उद्यानाची गंमत तर वेगळीच. तिथली 'टॉप गन' परवाना गेल्यावर 'फ्लाइट डेक' झाली आणि २०१४ मध्ये 'द बॅट' झाली. त्या बॅटचा बॅटमॅनशी काडीचा संबंध नाही.)

"पण ती मोटार नकली आहे," हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो, आणि दरवेळी मी विचारतो, कशाची नक्कल? गर्नीच्या रांगेतलं गॉथम १९८९ च्या 'बॅटमॅन' चित्रपटातल्या गॉथमवरून आलं. ते गॉथम लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओच्या आवारात उभारलं होतं. अँटन फर्स्ट हा त्याचा कर्ता. त्या कामासाठी त्याला आणि पीटर यंगला ऑस्कर मिळालं. म्हणजे ते शहरही प्लायवूडचं. त्यातली बॅटमोबिलही शेव्हर्ले इम्पालाच्या सांगाड्यावर चढवलेलं कवच. त्या सगळ्याच्या मागे १९३९ ची चित्रकथा, जिच्यावर अनेक दशकं एकट्या बॉब केनचं नाव होतं. बॅटमॅन घडवण्यात केनचा जोडीदार असलेल्या बिल फिंगरला त्याचं श्रेय अधिकृतपणे मिळालं सप्टेंबर २०१५ मध्ये, तो जाऊन एक्केचाळीस वर्षं झाल्यावर. ज्या पात्राचा जन्मदाखलाच इतकी वर्षं अपुरा होता, त्याच्या बाबतीत अस्सल आणि नकली अशी सरळ रेघ ओढणारा माणूस धाडसी म्हटला पाहिजे.

फिंगरला श्रेय मिळालं त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाचे खटले ज्याच्याकडे जातात त्या संघीय अपील न्यायालयाने एक निकाल दिला. एक गॅरेजवाला १९६६ च्या टीव्ही मालिकेतल्या आणि १९८९ च्या चित्रपटातल्या बॅटमोबिलच्या प्रतिकृती बनवून सुमारे नव्वद हजार डॉलरला एक अशा विकत होता. बॅटमॅनचे हक्क असलेल्या डीसी कॉमिक्सने त्याच्यावर दावा लावला. न्यायालय म्हणालं की बॅटमोबिल ही नुसती मोटार नाही, ते एक पात्र आहे. तिला ओळखता येईल असं ठाम रूप आहे, स्वभाव आहे, बॅटमॅनच्या शेजारी स्वतःचं स्थान आहे, आणि म्हणून तिला स्वामित्वहक्काचं संरक्षण आहे. समाजात खासगी मालमत्तेचं रक्षण अत्यावश्यक असतं, असं बॅटमॅन आपल्या साथीदाराला, रॉबिनला, एकदा सांगतो. न्यायालयाने ते वाक्यही निकालात वापरलं. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

हा निकाल मला चुकीचा वाटत नाही. तो अर्धवट पाळला जातो, एवढीच माझी तक्रार आहे. मोटार हे पात्र असेल, तर उद्यानात उभी केलेली तिची प्रतिकृती म्हणजे त्या पात्राचं एक रूप झालं, आणि ते रूप चित्रपटातल्या मूळ मोटारीपेक्षा कितीतरी जास्त माणसांनी हातभर अंतरावरून पाहिलं. ती विकणाऱ्यावर बंदी घालताना पात्र म्हणायचं, आणि कोस्टर बंद झाल्यावर फायबरग्लासचा तुकडा म्हणून कचऱ्यात काढायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने कसं बोलता येईल? पात्रांच्या परवान्याच्या करारांत मुदत संपली की नाव, चिन्ह, सजावट काढून टाकायची किंवा नष्ट करायची अशी अट सहसा असते. हक्कदाराच्या बाजूने ती समजते. दुसऱ्याच्या कोस्टरवर आपलं वटवाघूळ राहू नये. पण तिचा परिणाम असा, की जी वस्तू बनवायला दुसऱ्या कुणाला मनाई, ती असलेली वस्तूही टिकू द्यायची नाही.

आता जरा बोटं मोजू. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अशा कामांचा हक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षं चालतो. १९३८ चा पहिला सुपरमॅन २०३४ मध्ये सगळ्यांचा होईल, १९३९ चा बॅटमॅन २०३५ मध्ये. पण १९८९ ची ती लांबनाकी, काळी मोटार मोकळी होईल २०८५ मध्ये. उन्हापावसात उभं राहिलेलं फायबरग्लास दहापंधरा वर्षांत पांढुरकं पडतं, त्यावरचा थर भुकटीसारखा बोटाला लागतो, मग तडे जातात. हक्क संपायची वाट बघत राहिलो, तर हक्क मोकळा होईल आणि हाताला काही लागणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी. अमेरिकेत पुस्तक छापलं की त्याच्या दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा कराव्यात असा नियम जुना आहे. त्याला २०२३ मध्ये जबर धक्का बसला. एका छोट्या प्रकाशकाने दाद मागितली, आणि वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने मान्य केलं की मोबदला न देता त्याच्या प्रती मागणं म्हणजे त्याची मालमत्ता घेणं आहे. तेव्हा सक्तीने हिसकावून घेण्याचा मार्ग बंद, हे मी मान्य करतो. पण एक दार उघडं आहे. तिथल्या हक्कदाराला आपल्या हक्कासाठी न्यायालयात जायचं असेल तर आधी नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीला कामाची प्रत किंवा ओळख पटेल असं साहित्य जोडावं लागतं. ही सक्ती नव्हे, देवाणघेवाण आहे. ज्यांना बॅटमोबिलला पात्र म्हणवून खटला जिंकायचा आहे, त्यांनी त्या पात्राच्या उद्यानातल्या रूपाची नीट नोंद, म्हणजे आराखडे, रंगांचे नमुने, रांगेत वाजणारा आवाज, जमल्यास एक वस्तू, सार्वजनिक संग्रहात द्यावी. परवान्याच्या करारातल्या 'नष्ट करणे' या शब्दांपुढे 'किंवा संग्रहालयास देणे' एवढे तीन शब्द घातले तरी निम्मं काम होईल. त्या संग्रहालयाने त्याचा धंदा करायचा नाही, तिकिटावर बॅटमॅन छापायचा नाही, अशी अट खुशाल घालावी.

दुसरी दुरुस्ती छोटी आहे, पण मला ती जास्त जिव्हाळ्याची वाटते. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्याचं कलम १०८ जतनासाठी प्रती काढायची सवलत देतं, ती ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना. संग्रहालयांचं नाव त्यात नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कागद होता. ज्या संस्कृतीने आपली निम्मी स्वप्नं फायबरग्लासमध्ये ओतली, तिचा जतनाचा कायदा अजून कपाटातच बसला आहे.

याच्या विरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही मला पटतं. सगळं ठेवता येणार नाही, जागा कुठून आणायची, हे पटतं. सगळं ठेवूही नये. स्मरणिकेच्या दुकानातला प्रत्येक फलक जपला, तर जपण्याला अर्थ राहत नाही. चाहते लिलावात घेतात की, हे मात्र पटत नाही. १९६६ ची मूळ बॅटमोबिल २०१३ मध्ये लिलावात बेचाळीस लाख डॉलरच्या बोलीला गेली, तिची काळजी कुणी करायची गरज नाही. रांगेतल्या वस्तूंचं तसं नाही. लिलावात त्या फुटतात, म्हणजे एक दिवा इकडे, एक पाटी तिकडे. कुणाच्या गॅरेजमध्ये टांगलेली गॉथमची पाटी ही शोभेची वस्तू झाली. ती कुठल्या वळणानंतर दिसत असे आणि तिच्या आधी बाग का होती, हे तिच्याबरोबर जात नाही. व्हिडिओ आहेत ना, असंही म्हणतात. आहेत, ढिगाने. पण बहुतेकांत कॅमेरा सुरू होतो तो पुढच्या आसनावर बसल्यावर. एका तासाची गोष्ट वगळून दोन मिनिटांचा शेवट तेवढा टिपलेला.

आणि त्या तासाचा शत्रू परवान्यापेक्षा जवळचा आहे. जास्त पैसे भरून रांग चुकवायची सोय आता बहुतेक मोठ्या उद्यानांत आहे. तिच्यावर टीका होते ती अन्यायाची, म्हणजे पैसेवाला पुढे आणि गरीब उन्हात. ती खरीच आहे. माझी हरकत वेगळी. जो जास्त पैसे भरतो त्याला कमी मिळतं. त्याला बागेतून, पडक्या शहरातून, नळातून न नेता बाजूच्या जिन्याने थेट गुहेत सोडतात. कादंबरीचं शेवटचं पान वाचायला जादा दर! आणि एकदा चांगलं गिऱ्हाईक बाजूच्या जिन्याने जाऊ लागलं, की रांगेतल्या मोटारीला नवा रंग कोण देणार? खर्चाच्या वहीत ती आधीच 'ज्यांनी कमी पैसे भरले त्यांच्यासाठी' या खात्यात गेलेली असते.

काही वर्षांपूर्वी मी मुलीला घेऊन एका उद्यानात गेलो होतो. कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे सारखंच आहे. तिथे एका सुपरहिरोची मोटार दोरी लावून उभी केली होती. टायरमधली हवा गेलेली, एका दिव्याच्या जागी नुसतं भोक. तिने विचारलं, "बाबा, ही खरी आहे?" मी म्हटलं, "नाही गं, नकली आहे." ती म्हणाली, "मग दोरी कशाला लावलीय?" मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाटलं, सगळा वाद तिने एका वाक्यात उरकला. कुणीतरी कधीतरी त्या नकली वस्तूला दोरी लावण्याइतकं मोल दिलं होतं. दोरी राहिली, ते मोल देणारा माणूस गेला.

गर्नीच्या कोस्टरला अमेरिकन कोस्टर एन्थुझिआस्ट्स या हौशी संघटनेने २००५ मध्ये 'कोस्टर लँडमार्क' ठरवलं, ते पहिली इन्व्हर्टेड म्हणून. रास्त आहे. पण त्याला कायद्याचं बळ नाही, आणि तो मान मुख्यतः रुळांचा आहे. रूळ काय, ते काळे होते ते पुढे पिवळे झाले, तरी लोक ओळखतात. मोटारीचा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि जतन करणाऱ्यांना त्यात खरा रस वाटायला हवा. जुनी वस्तू दुरुस्त करताना ती आधी कशी होती हे विचारतात. ही वस्तू पहिल्या दिवसापासूनच मोडलेली होती. तिच्यावरचा एक पोचा कुणा कलाकाराने हातोडीने ठोकून दिलेला, दुसरा कुणा पोराने रांगेत कंटाळून लाथ मारून दिलेला, तिसरा हिवाळ्यातल्या बर्फाने आलेला. पहिला पोचा जपायचा, तिसरा भरून काढायचा. दुसऱ्याचं काय करायचं, यावर माझं अजून ठरलेलं नाही. कदाचित तोही ठेवावा. पण कुठला पोचा कुणाचा हे सांगू शकणारा कागद एकच, तो म्हणजे मूळ आराखडा. तो हक्कदाराच्या कपाटात असतो, आणि कोस्टर पाडतात त्या दिवशी तो कुणाच्या कामाचा राहत नाही.